घाम आणि हिम

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जिते आणि पेण यांच्या मध्यें हमरापूर नांवाचें स्थानक लागतें. गणपतीच्या मूर्तींसाठीं या गांवाची ख्याति आहे. भाद्रपदाला सात-आठ महिने अवकाश असतां, ऐन पौष-माघांतहि, येथील कारखान्यांतून मूर्तींचें काम चालूं असतें. शाडूची ओली मूर्ति कोणी भर उन्हांत किंवा वाऱ्याच्या झोतांत ठेवीत नाहीं. ती सावलींत, आडोशाला, बेताबेतानें वाळवावी लागते. वरचा थर झपाट्यानें वाळला आणि आंतली माती ओलीच राहिली, तर मूर्तीला तडे जातात. ओल्या वस्तूवरून वारा वाहूं लागला म्हणजे काय होतें, हें हमरापूरच्या कारागिराला पुस्तक न उघडतां ठाऊक असतें. बर्फावरून लांब पल्ल्याची दौड करणाऱ्या माणसाला नेमकें हेंच ज्ञान लागतें, आणि पुष्कळदां तें त्याच्यापाशीं नसतें.

हमरापुरांत बर्फ पडत नाहीं. हिंवाळ्याच्या पहाटे भातकापणीनंतर पेरलेल्या वालावर दंव सांचतें, शेकोट्या पेटतात, रात्रीं मडक्यांत पोपटी शिजते. थंडीची मजल तेवढीच. परंतु अलीकडे मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांतून मॅरेथॉन धांवण्याची आवड फार वाढली आहे, आणि शहरांतील डांबरी रस्त्यांनीं ज्यांचें समाधान होत नाहीं ते हिमालयाकडे दृष्टि लावूं लागले आहेत. त्यांची सोयहि झाली आहे. २० फेब्रुवारी २०२३ रोजीं लडाखमधील गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरांची शर्यत झाली. लुकुंग येथून निघून ती मान गांवीं संपली. ७५ जणांनीं तींत भाग घेतला. समुद्रसपाटीपासून १३,८६२ फूट उंचीवरील या दौडीची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली आहे. हिमालयांतील हिमनद्या वितळत चालल्या आहेत, याकडे लोकांचें लक्ष वेधावें हा आयोजकांचा हेतु होता, व म्हणून तिला ‘शेवटची दौड’ असें नांव दिलें होतें. ज्या श्रोत्यांच्या घरचा कोणी तरुण किंवा तरुणी अशा शर्यतीला निघण्याच्या बेतांत असेल, त्यांनीं तिकिटाच्या व हॉटेलच्या चौकशीबरोबर आणखीहि एका गोष्टीची चौकशी करावी. ती गोष्ट म्हणजे घाम.

घाम आणि हिम यांचा संबंध काय, असें कोणास वाटेल. बर्फांत घाम कसला यावयाचा? पण धांवणारें शरीर ही एक धगधगणारी भट्टी आहे. स्नायूंत जें अन्न जळतें त्यापैकीं जेमतेम चौथा हिस्सा धांवण्याच्या कामीं येतो; बाकी सारी उष्णता. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगांतून जितकी उष्णता बाहेर पडते, तिच्या सुमारें दसपट धांवणाऱ्याच्या अंगांतून पडते. त्यामुळें पारा शून्याखालीं १० अंशांवर असला, तरी वारा पडलेला असेल तर पाव-अर्ध्या तासांत धांवणारा उकडून निघतो. आरंभीं थंडी वाजली म्हणून त्यानें तीन-तीन कपडे चढविलेले असतात. ते आंतून भिजतात. एक लिटर घामाची वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि ती उष्णता त्वचेकडूनच घेतली जाते. मुंबईच्या उकाड्यांत ही निसर्गाची केवढी कृपा! बर्फावर मात्र तीच कृपा उलटते.

जोंवर पाय वेगानें चालत आहेत तोंवर कांहीं बिघडत नाहीं. भट्टी पेटलेली असते व भिजलेल्या कपड्याचा गारवा ती सोसते. संकट येतें तें दमछाक झाल्यावर. तीस-बत्तीस किलोमीटरांच्या पुढें अंगांतील सांठा सरत येतो, धांवण्याचें चालणें होतें, आणि भट्टीची धग एकदम उतरते. पण ओलें कापड तसेंच अंगाला चिकटलेलें असतें. स्थिर हवेच्या मानानें पाणी उष्णता सुमारें २५ पट जलद वाहून नेतें. त्यांत डोंगराच्या खिंडींतून वारा सुटला, तर पाहावयासच नको. शून्याखालीं १० अंश थंडी आणि ताशीं ३० किलोमीटरांचा वारा एकत्र आले म्हणजे उघड्या चेहऱ्याला ती थंडी शून्याखालीं २० अंशांसारखी झोंबते. शरीराच्या आंतल्या भागाचें तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खालीं उतरलें, कीं धोक्याची सीमा ओलांडली. प्रथम कांपरें भरतें. मग बोटांना गुंडी लावतां येत नाहीं, बोबडी वळते, पावलें वांकडीं पडूं लागतात. सर्वांत वाईट हें, कीं आपल्याला कांहीं झालें आहे ही जाणीवच माणसाला राहत नाहीं. तो बरोबरच्यांना ‘मी ठीक आहें’ असें सांगत राहतो. पुढें कांपरेंहि थांबतें, व तें थांबणें बरें झाल्याचें लक्षण नव्हे.

हें भय कल्पनेंतील नाहीं. २२ मे २०२१ रोजीं चीनच्या गान्सू प्रांतांत डोंगरवाटांवरून १०० किलोमीटरांची शर्यत झाली. १७२ जण निघाले. कित्येकांच्या अंगावर आंखूड चड्डी आणि पातळ सदरा एवढाच वेष होता. चढणीवर असतां सोसाट्याचा वारा, गोठविणारा पाऊस आणि गारा यांनीं त्यांना गांठलें. २१ जण मरण पावले. लिआंग जिंग यांच्यासारखा चीनमधील नामांकित धांवपटु त्यांत होता. हा कांहीं ध्रुवप्रदेश नव्हता, आणि हिंवाळाहि नव्हता. वारा अडविणारा अंगरखा जवळ बाळगण्याची सक्ति आयोजकांनीं केलेली नव्हती. कित्येकांनीं तो पुढील टप्प्यावर पाठविलेल्या पिशवींत ठेवून दिला होता. त्याच डोंगरांत एक मेंढपाळ वादळापासून आसऱ्याला गुहेंत शिरला होता. त्यानें सहा जणांना आंत घेतलें, शेकोटी पेटविली, त्यांना पांघरूण दिलें. ते सहाहि वांचले. शर्यतीच्या साऱ्या व्यवस्थेपेक्षां त्या मेंढपाळाची शेकोटी अधिक उपयोगीं पडली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मेंढपाळाचें नांव निघालें म्हणून सांगावयाचें, कीं कपड्यांचें सारें शास्त्र आपल्याकडील धनगराच्या घोंगडींत आहे. घोंगडी भिजली तरी तिची ऊब सर्वस्वी जात नाहीं, कारण लोंकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते. सुती गंजिफ्राक मात्र घाम पिऊन अंगाला लेपासारखा बसतो. बर्फावर त्याच्यासारखा शत्रु नाहीं. अंगालगत पातळ लोंकरीचें किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचें वस्त्र, त्यावर एखादें उबदार, आणि सर्वांवर वारा अडविणारा हलका अंगरखा, असा क्रम असतो. हा वरचा अंगरखा म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्याच्या इरल्याचा भाऊच म्हणावा. त्याचें काम ऊब देणें हें नसून बाहेरचा मारा चुकविणें हें आहे. निघतांना किंचित् थंडी वाजत असेल, तर कपडे बेताचे आहेत असें समजावें. अंग तापूं लागतांच गळ्याची गुंडी सोडावी, टोपी काढावी, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर सरळ वेग कमी करावा. घाम फुटण्याच्या आधीं वेग कमी करणें शर्यतीच्या माणसाला फार जड जातें; बाकीचे पुढें जात असतात ना! उत्तर ध्रुवाकडे जाणारा नॉर्वेजियन प्रवासी असो कीं दक्षिण ध्रुवाकडे जाणारा, थंड देशांतील लोकांनीं ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोंचलेला आमुंडसेन हा १९०३ ते १९०५ या काळांत उत्तर कॅनडांतील नेत्सिलिक लोकांच्या शेजारीं राहिला, व कातड्याचे सैल, हवा खेळती ठेवणारे कपडे वापरण्याची विद्या त्यानें त्यांच्यापासून घेतली. वाट निवडतांनाहि हाच विचार असावा. जातांना वारा तोंडावर घ्यावा आणि परततांना पाठीवर, कारण परततांना अंग ओलें असतें.

उष्ण प्रदेशांतल्या माणसाला थंडीची शर्यत झेपत नाहीं, असा एक समज आहे. तो खरा मानण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे खेडूत पाहून सर दोराबजी टाटा यांनीं ऑलिंपिकला हिंदी संघ पाठविण्याचा पुरस्कार केला, आणि त्या संघांतून बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे २२ ऑगस्ट १९२० रोजीं बेल्जममधील अँटवर्प येथें मॅरेथॉन धांवले. हवा थंड व पावसाळी होती. त्या वर्षींचें अंतर नेहमींपेक्षां अधिक, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर इतकें होतें. शर्यत जिंकली ती फिन्लंडच्या हान्नेस कोलेमाइनेन यानें, म्हणजे हिमाच्या देशांतल्याच माणसानें. परंतु बेळगांवच्या चौगुल्यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत ती पुरी करून १९ वें स्थान मिळविलें. एवढें मोठें काम करणाऱ्या माणसाचें नांव आज महाराष्ट्रांतल्या किती घरांत माहीत आहे, हा प्रश्न येथें बाजूला ठेवलेला बरा.

पायांच्या बाबतींत तर पेण-रोह्याकडील माणूस मुळींच मागें नसतो. आषाढांत भाताच्या खाचरांच्या निसरड्या बांधावरून डोक्यावर रोपांचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईची चाल पाहावी. पाऊल आंखूड, तळवा सपाट, गुडघा किंचित् वांकलेला, शरीराचा भार पायाच्या बरोबर वर. लांब टांग टाकून टांच आपटणारा माणूस बांधावरून चिखलांत जातो, तसा बर्फावरहि आडवा होतो. बर्फाच्याहि जाती असतात. कडक थंडींत तुडविलेलें बर्फ पायाखालीं करकर वाजतें व पायाला चांगला आधार देतें. नुकतें पडलेलें भुसभुशीत बर्फ अलिबागच्या कोरड्या वाळूप्रमाणें पाऊल गिळतें. त्याचा सराव हवा असेल त्यानें भरतीच्या रेषेवरच्या मऊ वाळूंत तासभर धांवून पाहावें, पोटऱ्याच साक्ष देतील. आणि दिवसा वितळून रात्रीं गोठलेला कांचेसारखा थर हा सर्वांत कपटी. त्यावर बुटाच्या तळाला लोखंडी खिळ्यांची पट्टी असल्यावांचून निभाव लागत नाहीं.

अर्थात् अशा वाटेवर घड्याळाचा हिशेब सोडूनच द्यावा लागतो. सपाट रस्त्यावर शिकागो येथें २०२३ सालीं केल्विन किप्टम यानें मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत धांवून दाखविली. उत्तर ध्रुवाच्या तरंगत्या हिमावर होणाऱ्या शर्यतींत २००७ सालीं टॉमस मॅग्वायर यानें ३ तास ३६ मिनिटें १० सेकंद घेतले, आणि तो तेथला विक्रम ठरला. तेव्हां ज्याला मुंबईच्या रस्त्यावर चार तास लागतात, त्यानें बर्फावर साडेपांच-सहा तासांची तयारी ठेवावी. तेवढा वेळ भट्टी पेटती राहील इतकें खाद्य बरोबर हवें. गुळाची चिक्की गोठून दगड होते, म्हणून ती आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेंत ठेवावी. पाण्याची बाटली उलटी खोंचावी. पाणी वरून गोठूं लागतें, त्यामुळें बूच मोकळें राहतें. थंडींत तहान भासत नाहीं, पण कोरड्या हवेंत प्रत्येक श्वासागणिक पाणी जातच असतें. डोळ्यांना काळा चष्मा हवा, कारण नवें बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेंकतें.

उंचीचा मुद्दा निराळा, आणि त्याला तडजोड नाहीं. पँगाँगच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें तीन पंचमांश असतो. समुद्रसपाटीलगत राहणाऱ्यानें विमानानें लेह गांठून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं धांवावयास लागणें हा शुद्ध अविचार होय. आधीं कित्येक दिवस तेथें स्वस्थ राहून रक्ताला त्या हवेची संवय लावावी लागते. डोकें दुखूं लागलें, ओकाऱ्या झाल्या, तोल जाऊं लागला, तर वर जाणें थांबवून खालीं उतरावें. ज्या शर्यतीचे चालक धांवणाऱ्यांची ही तपासणी करीत नाहींत, आणि वारा अडविणारा अंगरखा सक्तीचा करीत नाहींत, तिची वर्गणी भरलेली असली तरी तिकडे न जाणें उत्तम.

शर्यत संपल्याची रेषा ओलांडली म्हणजे घरच्यांना वाटतें, सुटलों. पण त्यानंतरचीं दहा-पंधरा मिनिटें जपण्याचीं असतात. पाय थांबतांच भट्टी विझते, आणि हातापायांतील थंड रक्त आंत परत येऊं लागल्यानें शरीराच्या आंतील तापमान आणखी कांहीं वेळ उतरतच राहतें. म्हणून त्या वेळीं छायाचित्रें आणि अभिनंदनें मागाहून. चहाचा पेलासुद्धां मागाहून. प्रथम आडोशाला नेऊन अंगावरचे ओले कपडे, अगदीं आंतल्या बंडीसकट, उतरवावे, अंग कोरडें करावें, कोरडी लोंकर घालावी, डोकें झांकावें, आणि मग गरम गोड चहा द्यावा. त्याला स्वतःला गुंडी लावतां येते कीं नाहीं, हें शेजारच्या माणसानें पाहावें.