तापता तापता बदलणारा पदार्थ

श्रोतेहो, नाशिकच्या तांबट आळीतली भांडी आपल्या परिचयाची आहेत. तांब्याचे पातेले चुलीवर ठेवले की लगेच तापते. मातीचे मडके मात्र सावकाश. पदार्थागणिक उष्णतेची चाल वेगळी. ही चाल मोजण्यावर किती मोठी गोष्ट अवलंबून असते, ते आज पाहू.

आपल्याच राज्यात, तारापूरला, 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्या 2005-06 साली वीज देऊ लागल्या. प्रत्येकीत झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या 392 नळ्या आहेत. त्यांतून सुमारे 300 अंश सेल्सिअसचे जड पाणी दाबाखाली वाहते. त्यातला थोडा हायड्रोजन धातूत मुरतो. तो फार साठला की धातूशी संयोग पावतो आणि हायड्राइड तयार होते. धातू चिवट, तर हायड्राइड खापरासारखे ठिसूळ! शिवाय धातूतला हायड्रोजन गरम भागाकडून थंड भागाकडे सरकतो. 1983 साली कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात अशी एक नळी बाहेरच्या थंड नळीला टेकली. तिथे हायड्राइडचे फोड आले आणि नळी फाटली. तेव्हा उष्णता कुठून, किती वेगाने जाते, हे नेमके कळायलाच हवे.

मग मोजायचे कसे? हायड्राइडची पातळ चकती भट्टीत तापवतात. तिच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणभर झोत टाकतात आणि दुसरी बाजू किती वेळात तापते ते पाहतात. ही युक्ती 1961 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली.

पण खरी अडचण पुढेच आहे, बरं का! चाळीतला कांदा दिवसागणिक वजनात घटतो, तसे हायड्राइड फार तापले की त्यातला हायड्रोजन निघून जातो. म्हणजे मोजता मोजता पदार्थच बदलतो! म्हणून चकतीभोवती हायड्रोजन वायूचा योग्य दाब राखावा लागतो, आणि आधी व नंतर तिचे वजन करावे लागते. वजन घटले असेल, तर आलेला आकडा मूळ पदार्थाचा समजता येत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात तांब्याची व लोखंडाची सारख्या लांबी-जाडीची सळई घ्या. दोहोंवर सारख्या अंतरावर मेणाचे थेंब लावा, एकेक टोक तापवा. कुठले मेण आधी वितळते ते मुलांनाच पाहू द्या. मग विचारा : सळईच तापता तापता बदलू लागली, तर आपले माप खरे कसे मानायचे? शास्त्राची निम्मी शिकवण या एका प्रश्नात आहे.