काय ऐकायचं आणि कुणाच्या संमतीनं?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘आपण काय ऐकतो?’ या सत्राच्या सुरुवातीला केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन. नंतरच्या चर्चेतले दोन मुद्दे शेवटी जोडले आहेत.)



प्रत्येकीनं आपल्या आवडीच्या एका पॉडकास्टचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, असं सकाळी ठरलं होतं. चिठ्ठ्या माझ्यापुढे आहेत. सर्वांत जास्त पसंती खुनाच्या आणि गुन्ह्यांच्या कथांना आहे. त्याखालोखाल आरोग्य, मुलाखती, बातम्या. चार चिठ्ठ्या मात्र वेगळ्या आहेत. तिघींनी लिहिलंय, ‘ऐकायला वेळ होत नाही.’ चौथीनं लिहिलंय, ‘फोन मुलाकडे असतो.’ आवडीनिवडीची चर्चा आपण करणारच आहोत, पण ती या चार चिठ्ठ्यांपासून सुरू करूया.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. आकडे काही वर्षांपूर्वीचे आहेत, पण घरातला फोन कुणाच्या खिशात असतो हे आपल्याला वस्तीत रोज दिसतंच. ‘हे जरूर ऐका’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणाला म्हणतो याचं भान ठेवायला हवं.

आता वेळेचं. पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकारानं ‘गार्डियन’मधल्या लेखात वापरला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट या दोन शब्दांची ती सांधेजोड. साध्या भाषेत सांगायचं तर हा साठवून ठेवता येणारा रेडिओ. कार्यक्रम लागण्याची वाट पाहायची नाही, हवा तेव्हा लावायचा, मध्येच थांबवायचा, एकदा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो. बायकांसाठी हे फार सोयीचं, असं म्हणतात. हात कणकेत असले तरी कान मोकळे असतात ना! मला ही सोय थोडी खटकते. ब्रिटनमध्ये बीबीसीनं ‘वुमन्स अवर’ हा कार्यक्रम ७ ऑक्टोबर १९४६ला सुरू केला. वेळ ठेवली दुपारी दोनची. जेवणं आटोपली, भांडी झाली, आता बाई ऐकू शकेल, हा हिशेब. आणि बायकांच्या त्या कार्यक्रमाचा पहिला निवेदक होता एक पुरुष, अ‍ॅलन आयव्हिमी. आपल्याकडे आकाशवाणीवरचं ‘वनिता मंडळ’ही दुपारचंच. पण त्या दुपारच्या वेळेत एक गोष्ट होती: थोडा वेळ का होईना, बाई खाली बसायची. आता तीही गेली. आता ऐकणं कामाच्या डोक्यावर ठेवलं जातं, आणि त्यालाच आपण मोकळीक म्हणतो. म्हणून माझी पहिली शिफारस कार्यक्रमाची नाहीच. आठवड्यातून एकदा अर्धा तास काहीही काम न करता, बसून ऐका. शक्य असेल तर चौघीजणी मिळून.

आता चिठ्ठ्यांतल्या पहिल्या पसंतीकडे येते. गुन्ह्यांच्या कथांवरून आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, बाईचा खून ही करमणूक कशी होऊ शकते? दुसरा म्हणतो, आम्ही करमणूक म्हणून ऐकत नाही. नवरा संशय कसा घेतो, मैत्रिणींपासून कसा तोडतो, पैसे कसे काढून घेतो, हे यातून ओळखायला शिकतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून मी तीन मालिका समोर ठेवते. तिन्ही इंग्रजीत आहेत, त्यामुळे गोष्ट थोडक्यात सांगते.

पहिली, २०१४ सालची अमेरिकेतली ‘सीरियल’. पॉडकास्ट हा प्रकार घरोघरी पोचला तो या मालिकेमुळे. बाल्टिमोरजवळच्या शाळेत शिकणारी हे मिन ली ही मुलगी १९९९च्या जानेवारीत नाहीशी झाली, नंतर तिचा मृतदेह सापडला. तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद याला जन्मठेप झाली. त्याला न्याय मिळाला का, हा प्रश्न पत्रकार सेरा कोनिग यांनी बारा भागांत तपासला. पोलीस तपासातले कच्चे दुवे त्यांनी दाखवले, ते कामही महत्त्वाचंच. पुढे २०२२मध्ये शिक्षा रद्द होऊन तो सुटला, २०२३मध्ये वरच्या न्यायालयानं दोषसिद्धी पुन्हा कायम केली, आणि २०२५मध्ये न्यायाधीशांनी भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. दोषसिद्धी मात्र तशीच राहिली. या सगळ्यात हे मिन कुठे आहे? तिची डायरी वाचली जाते, तिच्या प्रेमाची चर्चा होते, पण मालिका तिच्याभोवती फिरत नाही. २०२२च्या सुनावणीत तिच्या भावानं सांगितलं की माझ्यासाठी हे पॉडकास्ट नाही, हे माझं खरं आयुष्य आहे. लाखो लोकांनी ऐकलेल्या मालिकेबद्दल घरच्या माणसाचं हे म्हणणं आहे, ते ऐकताना लक्षात ठेवा.

दुसरी, २०१८ सालची ऑस्ट्रेलियातली ‘द टीचर्स पेट’. लिनेट डॉसन ही दोन मुलींची आई १९८२ साली सिडनीतून बेपत्ता झाली. नवरा शाळेत शिक्षक. त्याचे एका विद्यार्थिनीशी संबंध होते आणि ती मुलगी लगेचच त्या घरात राहायला आली. ‘बायको सोडून गेली’ हे नवऱ्याचं म्हणणं वर्षानुवर्षं खपून गेलं. दोन मुली टाकून बाई निघून जाते, हे किती पटकन खरं मानलं जातं पहा! २००१ आणि २००३ साली मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नवऱ्यावर खटला भरावा असं सुचवलं, तरी खटला उभा राहिला नाही. हेडली थॉमस या पत्रकाराच्या मालिकेनंतर, २०१८च्या डिसेंबरात, त्याला अटक झाली. २०२२मध्ये तो खुनाबद्दल दोषी ठरला, २४ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे आवाज उठवल्यानं न्याय मिळाला, असं आपण टाळ्या वाजवून म्हणू. पण दुसरी बाजूही आहे. प्रसिद्धीचा परिणाम इतका मोठा होता की मालिका ऑस्ट्रेलियात काही काळ बंद ठेवावी लागली, आणि आरोपीला निःपक्ष सुनावणी मिळावी म्हणून न्यायालयानं खटला काही महिने पुढे ढकलला. मालिकेच्या उत्साहापायी खटलाच निसटला असता तर? आपणही प्रकरणं वर्तमानपत्रात नेतो. कधी न्यायची आणि किती बोलायचं, हा प्रश्न आपलाही आहे.

तिसरी माझ्या सर्वांत आवडीची, ‘बिलिव्हड’, हीसुद्धा २०१८चीच. मिशिगनच्या सार्वजनिक रेडिओवरच्या केट वेल्स आणि लिंडसे स्मिथ या दोघींनी केलेली. जिम्नॅस्टिक्सच्या मुलींवर उपचार करणाऱ्या लॅरी नासर या डॉक्टरनं वर्षानुवर्षं शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं. त्यानं काय केलं याच्या चघळण्यात ही मालिका रमत नाही. ती विचारते, मुली सांगत होत्या तर कुणी ऐकलं का नाही? २००४ साली एका मुलीनं पोलिसांत तक्रार केली होती. डॉक्टरनं ‘ही उपचाराची पद्धत आहे’ असं समजावलं आणि पोलिसांना ते पटलं. २०१४ साली विद्यापीठानं चौकशी केली आणि त्यालाच निर्दोष ठरवलं. काही आयासुद्धा उपचारांच्या वेळी खोलीत होत्या. २०१८च्या जानेवारीत दीडशेहून जास्त मुली आणि बाया न्यायालयात एकामागून एक उभ्या राहून बोलल्या. कार्यस्थळी लैंगिक छळाच्या तक्रार समितीवर ज्या बसतात, त्या प्रत्येकीनं ही मालिका ऐकावी. सभ्य, लोकप्रिय, डिग्रीवाला माणूस समोर बसला की आपलंही ऐकणं कसं झुकतं, ते त्यातून कळतं.

या तिन्हींवरून माझी एक कसोटी तयार झाली आहे. गुन्ह्याची कथा ऐकताना विचारायचं: बाई यात प्रेत आहे की माणूस आहे? बोलायची संमती कुणी दिली? आणि ऐकून झाल्यावर मला दाराला आणखी एक कडी लावावीशी वाटते, की यंत्रणेला प्रश्न विचारावासा वाटतो? नुसती भीती वाढवणारी कथा बाईला घरात बसवते. ते काम करायला बाकीचे पुष्कळ आहेत.

आता जवळचं. आपल्या शेजारी, तेलंगणातल्या जहीराबादजवळ माचनूर गावात, १५ ऑक्टोबर २००८ला ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या दलित शेतकरी बायकांचा हा रेडिओ. कार्यक्रम करणाऱ्या दोघींचं नाव एकच, नरसम्मा. बियाणं, भरड धान्यं, बाळंतपण, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. हे सहज झालेलं नाही. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं, आणि संस्था-संघटनांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. मध्ये अकरा वर्षं गेली. आणि परवानगी मिळाली तरी अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. गावातली बाई पिकाबद्दल बोलू शकते, पण गावात काल काय घडलं त्याची बातमी देऊ शकत नाही. पॉडकास्टला असा परवाना लागत नाही, म्हणून त्याकडे आपण गंभीरपणे पाहायला हवं.

फोन मुलाकडे असणाऱ्या मैत्रिणीसाठी आणखी एक उदाहरण. छत्तीसगडमध्ये २०१०पासून ‘सीजीनेट स्वर’ नावाचा प्रयोग झाला. साध्या बटणाच्या फोनवरून एक नंबर लावायचा, आपलं म्हणणं नोंदवायचं किंवा दुसऱ्याचं ऐकायचं. इंटरनेट नको, वाचता येण्याची अट नाही. रेशन मिळालं नाही, मजुरी थकली, असं लोक त्यावर सांगत.

आणि मराठीत ऐकायचंच असेल तर माझी शिफारस जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांतल्या अनेक प्रत्यक्ष बायांच्या आवाजात ऐकता येतात, गाणारीचं नाव आणि गाव यांसह. याला कुणी पॉडकास्ट म्हणणार नाही, पण ‘बाई कामात असते, म्हणून ती नुसती ऐकते’ या समजुतीला हे उत्तर आहे. हात जात्यावर असताना ती बोलत होती, सासर-माहेर, जात, भूक, बाबासाहेब, सगळ्यांबद्दल.

शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करून आपलं पॉडकास्ट काढावं, असा प्रस्ताव या शिबिरापुढे आहे. मी त्याच्या बाजूनं आहे, पण अटी घालून. बलात्कारपीडित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८अ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे, जिच्यावरून ती कोण हे कळेल अशी कोणतीही माहिती, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. मग आवाजाचं काय? नाव बदललं तरी गावातले लोक आवाज दोन वाक्यांत ओळखतात. सासरच्यांना तर खोकल्यावरूनही कळतं.

शिवाय संमती कधी घ्यायची? केंद्रात आलेली बाई अडचणीत असते. आपण मदत करणार, म्हणून ती आपल्या कशालाही हो म्हणेल. त्या ‘हो’ला मी संमती मानत नाही. माझ्या अटी अशा: प्रकरण चालू असताना मुद्रण करायचं नाही. झालेलं मुद्रण तिला पूर्ण ऐकवायचं, एकदा लगेच आणि एकदा महिन्याभरानं. ती ‘काढून टाका’ म्हणाली तर कारण न विचारता काढायचं. पण एकदा बाहेर गेलेला आवाज दुसऱ्यांच्या फोनमधून आपल्याला परत आणता येत नाही, हेही तिला आधीच सांगायचं. आणि ‘नको’ म्हणणाऱ्या बाईच्या मदतीत तसूभरही फरक पडता कामा नये.

ऐकण्याची पद्धतही ठरवूया. कॅनडात १९४१पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं होती: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचं सूत्र. तोच प्रयोग युनेस्कोच्या मदतीनं १९५६ साली आपल्याकडे पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशे गावांत झाला. गावानं एकत्र बसून ऐकायचं आणि मग बोलायचं. आपण तेच करू शकतो. दहा मिनिटांचा तुकडा, इंग्रजी असेल तर एकीनं मराठीत सांगायचा, आणि त्याच्या दुप्पट वेळ बोलायला.

(चर्चेत एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं आक्षेप घेतला: ‘इतक्या अटी घातल्या तर बायांचा आवाज पुन्हा आपल्याच कपाटात बंद होईल. जिला स्वतःच्या नावानं बोलायचंय, तिला अडवणाऱ्या आपण कोण?’ यावर मी म्हटलं की ताईंचं म्हणणं बरोबर आहे. अटी तिला अडवण्यासाठी नाहीत, आपल्याला अडवण्यासाठी आहेत. फोन मुलाकडे असल्याचं लिहिणाऱ्या मैत्रिणीनं सुचवलं की सुरुवात आपल्याच अनुभवकथनापासून करावी, आधी कार्यकर्त्यांनी माइकसमोर बसून पाहावं. ही सूचना एकमतानं मान्य झाली. पहिलं मुद्रण पुढच्या बैठकीत ऐकायचं आहे.)