आपल्या कोळशात राख का?

पोलोग्राउंड म्हटलं की आपल्याला वीज कंपनीची कचेरी आणि बिलं आठवतात, कोळसा नाही. पण अनंत चतुर्दशीच्या झांक्या उजळतात त्या बऱ्याच अंशी कोळशावरच.

बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेड्याचा कोळसा सारणीच्या वीजकेंद्रात जळतो. तो गोंडवन काळातला, 25 कोटी वर्षांहून जुना. ग्लॉसोप्टेरिससारख्या झाडांचा पालापाचोळा नदीकाठच्या दलदलीत साचला. पाणी गोडं, म्हणून गंधक कमी. पुराचा गाळ मिसळला, म्हणून राख तीस-चाळीस टक्के. ती कणाकणात मुरलेली, कोळसा धुऊनही पुरती निघत नाही. काही सिमेंट-विटांत खपते, काही सारणीच्या तळ्यांत साचते. आपण इथे फक्त युनिट मोजतो, राख नाही.