गोट्याची साक्ष
(मंडळाच्या पीण्या येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



पीण्यात येऊन लोखंडाविषयी बोलणे म्हणजे सोनाराच्या पेढीवर सोन्याचे गुण सांगण्यासारखे आहे. आपल्यापैकी कित्येकांची हयात लेथवर गेली. मी कला शाखेचा पदवीधर, केंद्र सरकारच्या कचेरीतला माणूस. तरीही धीर करतो, कारण याच मंडळात मी पूर्वी एक चुकीची गोष्ट सांगितली आहे आणि सुवर्णमहोत्सवी वर्षात ती दुरुस्त केलेली बरी.

हा तपकिरी गोटा मला आसनसोलच्या बदलीत मिळाला. राणीगंज कोळसाक्षेत्रात कोळसा असलेल्या दोन खडकसमूहांमध्ये ‘आयर्नस्टोन शेल’ नावाचा, कोळसा नसलेला समूह आहे. त्यातली ही गाठ सिडेराइटची, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटची. शुद्ध सिडेराइटात सुमारे ४८ टक्के लोह असते. वरचे कवच गंजाचे, आतला दगड करडा. एकोणिसाव्या शतकात कुल्टीच्या भट्ट्यांत अशाच गाठी वितळवल्या गेल्या.

बालमेळाव्यात मी ऐटीत सांगितले होते, की हा समुद्रतळाचा दगड. एका चिमुरडीने विचारले, “काका, मग यात शिंपले कुठे आहेत?” मी ते हसण्यावारी नेले. शिंपले नसणे हा काही पुरावा नव्हे. पण तिच्या प्रश्नाने मला पुस्तके उघडायला लावली, एवढे खरे.

गाळात पालापाचोळा कुजू लागला की प्राणवायू संपतो. मग जीवाणू गंजरूपातील लोह पाण्यात विरघळेल अशा अवस्थेत आणतात, आणि कुजण्यातूनच कार्बोनेटही मिळते. आता लोहाची सोयरीक कोणाशी जुळणार? समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल. जीवाणू त्याचे सल्फाइड करतात आणि ते लोहाला पळवून नेते. तयार होते पायराइट. गोड्या पाण्याच्या तळ्यात वा दलदलीत सल्फेट तुटपुंजे, म्हणून लोह कार्बोनेटच्या पदरी पडते आणि सिडेराइट बनते. सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या दामोदर खोऱ्याविषयी हा गोटा बोलतो तो असा. आपल्या चांद्याचा कोळसाही याच गोंडवन कुळातला.

मात्र एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे कचेरीत शिकलो. समुद्रगाळातही खोलवर सल्फेट संपले की सिडेराइट होते, आणि दामोदर खोऱ्यातील गोंडवन खडकांत भरती-ओहोटीच्या खुणा दिसल्याचे काही अभ्यासक सांगतात. तेव्हा वनस्पतींचे ठसे, पायराइटचे प्रमाण, कार्बनचे समस्थानिक हेही तपासावे लागते. माझा कौल आज गोड्या पाण्याला आहे. ‘समुद्रतळ’ हा शब्द मात्र मी परत घेतो.

पीण्याच्या मातीत असा गोटा शोधू नका. इथला पाया लालबागेच्या टेकडीसारख्या नाइस खडकाचा. ती टेकडी सुमारे ३०० कोटी वर्षांची, आणि तिथे गाळाची ही कहाणी उरलेली नाही. गोटा टेबलावर ठेवतो. मुलांनी तो उचलून पाहावा; तेवढ्याच चुनखडीहून हाताला चांगलाच जड लागेल.