दिलेला शब्द हेही देणेच
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



कापडाच्या पेढीवर माझी चाळीस वर्षे गेली. दर दिवाळीला वहीपूजनापूर्वी आम्ही दोन याद्या करतो : कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे. गल्ल्यात रक्कम कितीही असो, या याद्यांवाचून दुकानाची खरी स्थिती कळत नाही. सेवाभावी संस्थेने या याद्या कशा कराव्यात, हे जाणून घेण्यासाठी मी ब्रिटनमधील एका मोठ्या संस्थेचे उदाहरण अभ्यासले.

'कॅन्सर रिसर्च यूके' ही कर्करोग संशोधनास अर्थसाहाय्य देणारी संस्था २००२ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. तिच्या येण्याचा मोठा भाग मृत्युपत्रांतील देणग्यांचा असतो. दाता निवर्तला म्हणून त्याची देणगी लगेच जमा धरीत नाहीत. मृत्युपत्राचे प्रोबेट झाले, मृताची देणी भागवून मालमत्ता उरते अशी खात्री पटली आणि रकमेचा भरवशाचा अंदाज आला, म्हणजेच ती 'येणे' ठरते. 'गिफ्ट एड' योजनेत करदात्याच्या १०० पौंडांवर सरकारकडून २५ पौंड मिळतात. ते हाती येईपर्यंत तेही येणेच. मात्र नुसत्या तोंडी आश्वासनावर हक्क सांगता येत नाही, म्हणून ते जमेस धरीत नाहीत.

आता देण्याची बाजू पाहू. समजा, एखाद्या विद्यापीठास तीन वर्षांसाठी ३ लाख पौंडांचे अनुदान मंजूर झाले, तसे पत्र गेले आणि ते मागे घेण्याची मुभा देणारी अट त्यात नाही. पैसा अद्याप बँकेतच आहे. तरीही तेथील धर्मादाय संस्थांच्या हिशेब-नियमांनुसार संपूर्ण रक्कम त्याच वर्षी खर्ची पडते आणि न दिलेला भाग धनकोंच्या रकान्यात जातो. वर्षभरात द्यावयाचा वेगळा, त्यापुढील वेगळा. कारण त्या पत्राच्या भरवशावर संशोधक माणसे नेमतो, प्रयोग आरंभतो. बँकेतील शिल्लक संस्थेची दिसली, तरी ती आधीच दुसऱ्याची झालेली असते.

बंधुभगिनींनो, हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी पर्युषणातील बोलीच्या रकमा मी जमा झाल्याच समजलो आणि त्या बळावर एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेस मदतीचा शब्द दिला. बोलीची रक्कम वेळेवर आली नाही. बँकेत शिल्लक होती, पण ती विद्यार्थ्यांना कबूल केलेल्या शिष्यवृत्तीची होती. त्या कुटुंबाला आठ दिवस थांबावे लागले. खजिनदार मी होतो. चूक माझीच होती.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन विनंत्या करतो. विश्वस्त मंडळाने प्रत्येक सभेत मंजूर केलेल्या, पण अद्याप न दिलेल्या मदतीची यादी वाचावी आणि तेवढी रक्कम शिलकेतून वेगळी काढावी. आणि आपण सर्वांनी बोललेली रक्कम लवकरात लवकर भरावी. आपला शब्द वहीत नुसते येणे असतो. रुग्णाच्या घरी मात्र तो आधार असतो.

उणे-अधिक बोललो असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!