नाव न दिलेल्या प्रेमाचे वाचक



 ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांतले समलिंगी प्रेम कसे वाचावे, यावर बोलायला इतकी मराठी माणसे एकत्र आली, याचा मला फार आनंद वाटतो.

असे वाचन म्हणजे हल्लीच्या मुलांचे खूळ, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी अथेन्सकडे पाहावे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात एस्किनीझ हा वक्ता भर न्यायालयात सांगतो की, होमरने ‘इलियड’मधल्या अकिलीझ आणि पॅट्रोक्लस या योद्ध्यांच्या प्रेमाला नाव दिले नाही, कारण जाणत्या श्रोत्यांना ते न सांगताही कळेल असा त्याचा भरवसा होता. त्याआधी एस्किलसने नाटकात दोघांना उघड प्रेमी केलेच होते. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्येही प्रेम होते का, हा प्रश्नच नाही, दोघांत प्रियकर कोण, एवढाच मतभेद. खुद्द ‘इलियड’मध्ये मात्र आहे तो पॅट्रोक्लस गेल्यावरचा अकिलीझचा आक्रोश, आणि आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेव, ही मेलेल्या पॅट्रोक्लसची विनवणी. मॅडलिन मिलरने २०११ मध्ये याच पॅट्रोक्लसच्या तोंडून ‘द साँग ऑफ अकिलीझ’ ही कादंबरी सांगितली.

कादंबरीकार मेरी रेनॉचे ऋण तर मोठे आहे. ब्रिटनमध्ये पुरुषांमधला संबंध गुन्हा होता, तेव्हा १९५३ मध्ये तिने अशाच प्रेमाची, आपल्याच काळातली ‘द चॅरियटियर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. अमेरिकेत ती निघायला १९५९ उजाडले. दरम्यान १९५६ च्या ‘द लास्ट ऑफ द वाइन’मध्ये ती प्राचीन अथेन्सकडे वळली, आणि अलेक्सियास व लायसिस यांचे प्रेम तिला मान ताठ ठेवून लिहिता आले. वर्तमानात नाकारलेली जागा तिने इतिहासात मिळवली.

नाव न दिलेले प्रेम ओळखणारे वाचक पुढेही निघाले. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी, त्यांत बहुतेक स्त्रिया, तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहून हौशी अंकांतून वाटल्या. त्यांना लेखक म्हणायला अजून अनेकजण कचरतात. मी त्यांना लेखकच मानतो.

एक आग्रह करतो. प्रत्येक जिवलग मैत्रीला प्रणय ठरवण्याची घाई नको. मैत्रीही थोर गोष्ट आहे. ओळ दाखवा, त्या काळाची रीत तपासा. मात्र नायक-नायिकेच्या प्रेमाला असा पुरावा कोणी मागत नाही, हेही ठणकावून सांगा.

मराठी रंगभूमीवर समलिंगी प्रेम मांडणारे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्येच आले. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत ही वाट अजून फारशी मळलेली नाही. दुपारच्या सत्रात काही नवे लेखक आपल्या कथा वाचणार आहेत. ज्यांना घरी कळू द्यायचे नाही, त्यांनी टोपणनावाने वाचावे. त्या सत्रात कोणीही छायाचित्र काढू नये, ही कळकळीची विनंती. संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत.