गाठीवरची चिठ्ठी

आमच्या सिंदीच्या नावातच रेल्वे. ट्रकपेक्षा मालगाडीला इंधन कमी लागते, म्हणून 2017 मध्ये इथल्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन झाले तेव्हा बरे वाटले. पण मंडळी, कापसाचा प्रवास स्टेशनावर नाही, बियाण्यापासून सुरू होतो.

परदेशी कापड कंपन्यांना आता सेंद्रिय रुई हवी. गाठ कुठल्या शेतातली, याची चिठ्ठीही हवी. मागणी रास्तच. मात्र रासायनिक शेताला सेंद्रिय दाखला मिळायला दोन-तीन वर्षे जातात. तोवर उतारा घटतो आणि भाव साध्या कापसाचाच. 2002 मध्ये बीटी आल्यापासून बिगर-बीटी बियाणे शोधत फिरावे लागते, ते वेगळेच. ही तूट शेतकऱ्याच्याच अंगावर पडते.

जवळच वर्ध्याला, मगनवाडीत, कुमारप्पांनी हाच हिशेब मांडला होता: वस्तू कशी तयार झाली, याची जबाबदारी ती विकत घेणाऱ्यावरही असते. तिथल्या 1938 च्या मगन संग्रहालयात आजही सेंद्रिय कापसाची खादी मिळते. शेत, चरखा, माग, सगळे जवळपासचे. आणि भाव ठरवताना शेतकरी समोर बसलेला असू शकतो. कंपनीच्या करारात त्या दोन-तीन वर्षांचा भाव आधी लिहिलेला असावा. चिठ्ठी मग खुशाल लावा.